कार्पेट किती?

प्रत्येक सोसायटीत एक अण्णा असतात. कुत्र्यांबद्दल त्यांना सगळं ठाऊक असतं आणि घरी कुत्रं नसतं. आमचे डोंबिवलीचे अण्णा भूमापन खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांच्यात हा रोग आकड्यांसकट उतरलाय. तुम्ही लिफ्टमध्ये सहज म्हणायचा अवकाश, "पोरं मागे लागलीत, एखादं पिल्लू आणावं म्हणतोय," की अण्णा चष्मा कपाळावर चढवतात.

"कार्पेट किती?"

"साडेसहाशे असेल."

"असेल नको. रेराचं की बिल्डरचं?"

२०१६च्या रेरा कायद्यात कार्पेट एरियाची व्याख्या पक्की झाली, याचा घर घेणाऱ्यांना झाला नसेल एवढा आनंद अण्णांना झाला. त्यापूर्वी लोक जिन्याचा आणि लॉबीचा वाटा धरून सुपर बिल्टअपवर लॅब्रडॉर आणत, असं त्यांचं प्रामाणिक मत आहे. "आणि बाल्कनी धरू नका हं," ते बजावतात, "कायद्यात बसत नाही."

त्यांना काळवेळ नाही. एकदा एका कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला मुलीकडून गेले. मुलाचे वडील कौतुकाने म्हणाले, "आमच्या चिरंजीवांचा स्वतःचा फ्लॅट आहे." अण्णांनी बशी खाली ठेवली. "कार्पेट किती?" मुलीकडची मंडळी सरसावून बसली, म्हातारा व्यवहाराला पक्का दिसतोय! "चारशे दहा," वडील जरा पडेल आवाजात म्हणाले. अण्णांनी डोळे मिटले. "जिने आहेत का घरात? नाही ना? मग डॅशहुंड चालेल. लांब पाठ असते, चढउतार केली की मणक्याला लागतं." ते लग्न जमलं नाही. अण्णांच्या मते कारण पत्रिकेत होतं.

दत्तजयंतीला ऐन आरतीत माझ्या कानाशी कुजबुजले, "चार कुत्री आहेत, पण औदुंबराखाली कार्पेट लागू होत नाही."

चौथ्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याने मात्र अण्णांना न विचारता हस्की आणला. निळे डोळे, रुबाब, फोटोत तर राजपुत्रच. बर्फात गाडी ओढण्यासाठी घडलेलं जनावर, अंगावर केसांचे दोन थर, आणि मुक्काम डोंबिवलीत, मे महिन्यात. एक दिवस दुपारी वीज गेली. कुत्रं बाथरूमच्या लादीवर जीभ काढून पसरलं आणि नवराबायको आळीपाळीने ओला टॉवेल फिरवायला लागले. अण्णा दारात उभे राहिले, हस्कीकडे बघितलं, हॉलकडे बघितलं. "सायबेरिया," ते म्हणाले, "एक कोटी तीस लाख चौरस किलोमीटर." पुढे बोलले नाहीत. खाली जाऊन स्वतःच्या फ्रिजमधल्या बर्फाचे ट्रे घेऊन आले.

इतकी वर्षं हा माणूस ऐकल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आलीय. अण्णा कार्पेट विचारतात, पण उत्तर देताना तो आकडा कुठेच वापरत नाहीत. ग्रेहाउंड ताशी साठ-पासष्ट किलोमीटरने धावतो, म्हणून लोक त्याला बंगल्याचा कुत्रा समजतात. अण्णा म्हणतात, "रोज एकदा नीट फिरवून आणा, मग दिवसभर पेन्शनरासारखा झोपतो. आपल्या लातूरकडचा पश्मी त्याच्याच घराण्यातला." उलट जॅक रसेल टेरियर मांडीत मावेल एवढा, पण तो कोल्ह्याला बिळातून हुसकावण्यासाठी तयार केलेला, बिळं नसतील तर सोफ्यात करतो. बीगल म्हणजे चार पायांवरचं नाक. अमेरिकेतल्या विमानतळांवर आईबाबांच्या बॅगेतले हापूस हुंगून काढायला त्यालाच ठेवतात. फ्लॅटमध्ये एकटा राहिला की तो असा गळा काढतो की बाराव्याला आल्यासारखं वाटावं. २००३च्या त्या मोबाईलच्या जाहिरातीपासून घरोघर गेलेला पग जागा थोडी खातो हे खरं, पण त्या चपट्या नाकाने आपल्या उकाड्यात त्याला धड श्वासही घेता येत नाही.

अण्णांचा खरा प्रश्न कार्पेटनंतर येतो, आणि तो बेसावध पकडतो. "जुलैत, पहाटे सहाला, धो धो पावसात, लिफ्ट बंद असताना खाली कोण नेणार? नाव सांगा." बाप मुलाकडे बघतो, मुलगा आईकडे, आई गॅसकडे. अण्णा चष्मा नाकावर घेतात. "मासे पाळा."

गेल्या वर्षी सर्वसाधारण सभेत एका सभासदाने ठराव मांडला: इमारतीत कुत्री नकोत. हात भराभर वर झाले. अण्णा पिशवीतून झेरॉक्स काढत उठले. केंद्राच्या पशुकल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना. बहुमताने काय, एकमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. "आणि लिफ्ट मी मोजलीय," ते म्हणाले. "दोन माणसं आणि एक लॅब्रडॉर आरामात." मग कुत्रेवाल्यांकडे वळून तितक्याच कडकपणे म्हणाले, "घाण मात्र ज्याची त्याने उचलायची. तिथे बहुमत चालणार नाही." ठराव बारगळला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो, हे अण्णांना कळू नये एवढीच इच्छा आहे.

सभेनंतर जिन्यात त्यांना विचारलंच, "अण्णा, तुम्ही का नाही पाळत?" ते थोडा वेळ कठड्याला धरून उभे राहिले. "मी त्र्याहत्तर. पिल्लू आणलं तर बारा-तेरा वर्षं धरायची. बेरीज करून बघा." मी बेरीज केली. पुढे काय बोलावं ते मला सुचेना. त्यांनाही बहुधा नको होतं, कारण लगेच त्यांनी माझ्या नव्या पार्किंगची लांबी-रुंदी विचारली.

त्याच पार्किंगमध्ये आमच्या वॉचमनच्या कुत्रीला तीन पिल्लं झालीयत. शुद्ध गावठी, केस आखूड, डोंबिवलीच्या हवेत जन्मलेली. अण्णांच्या मते फ्लॅटसाठी याहून चांगली जात नाही. तीन महिन्यांची झाली, रेबीजची लस अण्णांनी स्वखर्चाने टोचून घेतलीय. दोन नर, एक मादी. कुणाला हवं असेल तर रविवारी सकाळी या. येताना पहाटे सहाला खाली उतरणाऱ्या माणसालाही घेऊन या, आणि कार्पेटचा आकडा पाठ करून या. बाल्कनी धरू नका.