दाजींचा कायझेन

दाजींच्या हाती साइट द्यायला नको होती, असं ताई कधी म्हणत नाही. ती एवढंच म्हणते, ‘अरे, त्यांना काहीतरी हवंच होतं.’

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यात जन्म काढून त्यांनी व्हीआरएस घेतली. कारखाना सुटला, क्वालिटी सुटली नाही. कायझेन, गेम्बा, फाइव्ह एस ही सगळी जपानी मंडळी त्यांच्याबरोबर धायरीच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. आधी स्वयंपाकघरातल्या डब्यांना लेबलं लागली. मग देवघरात हळद, कुंकू, अक्षता यांच्या जागा पिवळ्या पट्टीने आखून झाल्या. निरांजन पट्टीबाहेर गेलं की दाजी ‘नॉन-कन्फॉर्मन्स’ म्हणायचे आणि ताई ‘शुभं करोति’ मध्येच थांबवून ते आत सरकवायची. तेवढ्यात साइट निघाली आणि देव सुटले.

ताईचा उद्योग तसा जुनाच. ओळखीत कुणाला दिवस राहिले की ती मऊ मलमलची झबली-टोपडी, दुपटी, लंगोट, एखादी कुंची असा बाळंतविडा शिवून द्यायची, सोबत अळिवाचे नि डिंकाचे लाडू. पैसे लोक बळेच हातात कोंबायचे. माझी भाची बंगळुरूला नोकरीवर रुजू होण्याआधी चार दिवस घरी होती. तिने आईला साइट करून दिली. मोजके फोटो, किमती, फोन नंबर आणि यूपीआयचा क्यूआर कोड, बस. ‘बाबा, हिला हात लावू नका,’ असं बजावून ती गाडीत बसली. गाडीने दौंडही ओलांडलं नसेल, दाजींनी पासवर्ड शोधून काढला होता. साइटचं नाव मी इथे देत नाही. अंक छापून येईपर्यंत ते बदललेलं असेल.

घरगुती धंद्याच्या पाठीशी असा एक कायझेनवाला, म्हणजे सतत सुधारणा करणारा माणूस हमखास असतो. कुणाचा नवरा, कुणाचा दीर, कुठे सोसायटीचे सेक्रेटरी. गिऱ्हाईक त्याने पाहिलेलं नसतं आणि पाहायची फारशी इच्छाही नसते. गिऱ्हाईक आलं की सुधारणेत खंड पडतो. दाजी या जातीतले अस्सल, आणि शिवाय प्रशिक्षित.

पहिल्या आठवड्यात साइटवरून ऑर्डर आली नाही. नव्या दुकानात पहिल्या आठवड्यात कोण येतं? पण दाजींनी जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं काढली, त्यांवर कारणं शोधायचा माशाचा सांगाडा आखला आणि ‘पाच वेळा का’ सुरू केलं. ऑर्डर का नाही? लोक थांबत नाहीत. का थांबत नाहीत? पान उघडायला वेळ लागतो. का लागतो? फोटो जड आहेत. का जड आहेत? फोन अठ्ठेचाळीस मेगापिक्सेलचा आहे. का आहे? मुलीने वाढदिवसाला घेऊन दिला म्हणून. पाचव्या ‘का’ला मूळ कारण हाती लागतं असं शास्त्र सांगतं. इथे मूळ कारण पोटची पोरगी निघाली.

वेगाची गोष्ट मात्र खरी होती, तेवढं श्रेय त्यांना दिलं पाहिजे. गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स नावाचं फुकट साधन आहे. आपल्या पानाचा पत्ता घातला की ते शंभरपैकी गुण देतं. नव्वदच्या वर हिरवं, पन्नासच्या खाली लाल. ताईच्या साइटला एकतीस पडले. दाजींना आयुष्यात एकतीस पडले नव्हते. ते रात्रभर बसले आणि सकाळी चहाच्या वेळी त्यांनी अठ्ठ्याण्णव दाखवले. ताईने कौतुकाने साइट उघडली. खरोखर क्षणात उघडली. तिच्यावर एकही फोटो नव्हता.

फोटो लहान करून परत लागले. मग दाजींचं लक्ष मापांकडे गेलं. भाचीने ‘लहान, मध्यम, मोठं’ असं लिहिलं होतं. दाजींना हे अशास्त्रीय वाटलं. त्यांनी कपाटातून व्हर्नियर कॅलिपर काढलं. टोपडं पाटावर पसरून, एक डोळा मिटून, बंदाच्या टोकापासून टोकापर्यंत माप घेणारे दाजी मी स्वतः पाहिले आहेत. मलमल ती, कॅलिपरचा जबडा टेकला की आत सरकायची. ‘मटेरियल कॉम्प्रेस होतंय,’ असं पुटपुटत त्यांनी तीन रीडिंगची सरासरी काढली. दुसऱ्या दिवशी साइटवर झळकलं : झबलं, छाती २२० मिमी, अधिक-उणे ३. खाली टीप : ‘धुतल्यावर टॉलरन्स लागू नाही.’

आणि गिऱ्हाईक काय विचारतं? गिऱ्हाईक रात्री अडीच वाजता ताईच्या व्हॉट्सॲपवर लिहितं, ‘ताई ६ किलोच्या बाळाला होईल का’. प्रश्नचिन्हसुद्धा नाही, कारण एका हातात बाळ आहे आणि लिहायला एकच अंगठा मोकळा आहे. तान्ह्या मुलांच्या आया खरेदीला याच वेळी निघतात. त्यांना हवं असतं ते इतकंच : किती किलोच्या बाळाला बसेल, कितीला, मशीनमध्ये चालतं का, आमच्या पिनकोडला कधी येईल, आणि नाही बसलं तर परत घ्याल का. पहाटे पाचला ताई उठते, चष्मा शोधते आणि उत्तर देते, ‘होईल गं, पण एक माप मोठंच घे, मुलं भराभर वाढतात.’ दाजींच्या भाषेत याला अप-सेलिंग म्हणतात. ताईच्या भाषेत याला काही म्हणत नाहीत.

या बाईसाठी दाजींनी नावनोंदणी सक्तीची केली. मोबाइल, ओटीपी, बाळाची जन्मतारीख, जन्मवेळ, जन्माचं वजन आणि शेवटी ‘मी यंत्र नाही’ हे सिद्ध करायला चौकटीतले ट्रॅफिक सिग्नल ओळखणं. रात्री अडीच वाजता, पोर खांद्यावर घेऊन. जन्मवेळ कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, ‘डेटा असू दे, पुढे कामाला येतो.’

परत घेण्याच्या नियमांचं पान तर पंधरवडाभर लॅटिनमध्ये होतं. नव्या साइटच्या साच्यात जागा भरायला ‘लोरेम इप्सम’ने सुरू होणारा मजकूर टाकलेला असतो, आपण आपला मजकूर लिहून तो काढायचा असतो. दाजींनी कडेचा रंग आठ वेळा बदलला, मजकूर बदलायचा राहिला. हा उतारा सिसरोच्या इसवी सनपूर्व ४५ मधल्या ग्रंथाची मोडतोड करून झाला आहे, आणि मुळात तो आहे वेदनेविषयी. नाशिकच्या एका बाईंनी फोन करून विचारलं, ‘हे तुमचं काय धोरण आहे?’ ताई म्हणाली, ‘नाही आवडलं तर पाठवून द्या.’ रोमन पंडिताला जे जमलं नाही ते पाच शब्दांत झालं.

मधल्या काळात ताई नाचणीचं सत्त्वही विकायला लागली होती. दाजींनी त्या पानावर एक गुबगुबीत, निळ्या डोळ्यांचं बाळ आणून बसवलं आणि वर लिहिलं, ‘सहाव्या महिन्यापासून, आईच्या दुधाच्या जोडीला!’ ताईच्या गिऱ्हाइकांत एक बालरोगतज्ज्ञ आहेत. त्यांचा निरोप आला की हे ताबडतोब काढा. दोन वर्षांपर्यंतच्या बाळाच्या अन्नाची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, २००३ मध्ये ती आणखी कडक झाली, आणि डब्यावर बाळाचं किंवा आईचं चित्रही चालत नाही. डबाबंद दुधाच्या जाहिरातींना भुलून आयांनी अंगावरचं पाजणं सोडू नये, म्हणून हा कायदा आला. ताईने त्याच क्षणी सत्त्व काढून टाकलं. दाजी मात्र खूश. कायदा आहे म्हणजे ऑडिट आहे. त्यांनी निळ्या डोळ्यांचं बाळ दुपट्यांच्या पानावर हलवलं आणि अख्खा कायदा छापून फाइलला लावला.

सगळ्यात गाजली ती अंगाई. साइटवर ‘वातावरण’ नाही, असं दाजींना वाटायला लागलं होतं. त्यांनी अशी सोय केली की पानावर कुठेही बोट टेकलं की बासरीवर अंगाई सुरू व्हावी. आवाज कमी करायचं बटण कोपऱ्यात होतं आणि ते नेमकं सवलतीच्या पाटीखाली झाकलं गेलं होतं. त्या रात्री ताईच्या फोनवर एकामागून एक निरोप येत गेले. एक तर मला तोंडपाठ आहे : ‘ताई, आत्ताच झोपला होता हो.’

ताई कधी नव्हे ती चिडली. ‘अहो, तुमचं ते गेम्बा का काय, ते जागेवर जाऊन बघणं असतं ना? मग एकदा जाऊन या एखाद्या बाळंतिणीच्या घरी.’ दाजींनी मान हलवली आणि गेम्बा केला. म्हणजे शिलाई मशीनमागे स्टूल टाकून स्टॉपवॉच घेऊन बसले आणि एका झबल्याला ताईचे हात किती वेळा मशीनवरून उठतात ते मोजलं. बाळंतिणीकडे जायचं राहूनच गेलं.

हल्ली ते शांत आहेत, कारण त्यांना पद मिळालं आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन विकणाऱ्याला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव साइटवर द्यावं लागतं. त्याने अठ्ठेचाळीस तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत ती निकाली काढायची. हे वाचून दाजींचे डोळे भरून आले असावेत. त्यांनी स्वतःला नेमलं, कारखान्यातल्या आयकार्डावरचा फोटो टाकला आणि तक्रारीची वाट पाहत बसले. तक्रार येईना. माल चांगला होता, आणि ज्यांना काही बोलायचं होतं त्या ताईला सांगून मोकळ्या होत होत्या.

गेल्या महिन्यात अखेर एक आली : ‘टोपडं घट्ट होतंय.’ पोच बाराव्या मिनिटाला गेली. ताईने तेवढ्यात मोठं टोपडं पाकिटात घालून कुरियरवाल्याच्या हातात दिलंही होतं; पण दाजींनी तीन रात्री जागून एट-डी रिपोर्ट तयार केला. तात्पुरता उपाय, मूळ कारण, कायमचा उपाय, पुनरावृत्ती टाळण्याची योजना. सोबत बंदाच्या शिवणीचा आलेख आणि बाळाच्या डोक्याच्या वाढीचा अंदाज. एकूण चौदा पानं, पीडीएफमध्ये, महिनाभराच्या बाळंतिणीला.

तिचं उत्तर आलं : एक अंगठा.

दाजींनी तक्रार ‘क्लोज्ड’ केली, तारीख टाकली, सही केली. मग बराच वेळ स्क्रीनकडे बघून मला म्हणाले, ‘तक्रारीचा फॉर्म पहिल्या पानावर घ्यायला हवा रे. लोकांना सापडत नसावा.’