पाकाची तार आणि मुक्तिमात्रा

साखरेचा पाक हा अशा मोजक्या पदार्थांपैकी आहे, की जो नुसता कोणी खात नाही, परंतु बिघडला तर ज्याची चर्चा दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत पुरते. भौतिकी रसायनशास्त्राच्या लेखी तो एक द्रावण, म्हणजे साखर हे द्राव्य पाणी या द्रावकात रेणूगणिक मिसळून गेलेले मिश्रण. पाककृतींत हा विषय ‘एकतारी पाक करून घ्यावा’ एवढ्या चार शब्दांत आटोपतात आणि पुढचा परिच्छेद वेलदोड्यांना देतात. रसायनशास्त्राला मात्र त्या चार शब्दांपर्यंत पोचण्यासाठी एकोणिसावे शतक बरेचसे खर्ची घालावे लागले.

त्या खर्चातला मोठा वाटा जोसाया विलर्ड गिब्ज यांचा. अमेरिकेतील येल येथे १८७१ साली त्यांना गणितीय भौतिकीचे प्राध्यापकपद मिळाले, पहिली नऊ वर्षे त्या पदाला वेतन नव्हते, आणि याच बिनपगारी काळात, १८७६ ते १८७८ या वर्षांत, त्यांनी विषमांगी समतोलावरील प्रदीर्घ प्रबंध छापला, ज्यात प्रावस्था नियम आहे. प्रावस्था म्हणजे पदार्थाचा एकजिनसी आणि शेजाऱ्यापासून वेगळा काढता येणारा भाग, जसे बर्फ, पाणी आणि वाफ. घटकांच्या संख्येत दोन मिळवावे, त्यातून प्रावस्थांची संख्या वजा करावी, आणि उरेल ती मुक्तिमात्रा, म्हणजे प्रावस्था आहेत तेवढ्याच ठेवून तापमान, दाब आणि मिश्रणाचे प्रमाण यांपैकी किती गोष्टी आपल्या मर्जीने बदलता येतील तो आकडा. गिब्ज बहिणीच्या कुटुंबात राहत, आणि विषमांगी मिश्रणांवरील अधिकाराच्या जोरावर घरातली कोशिंबीर कालवण्याचे काम स्वतःकडे घेत, अशी आख्यायिका आहे; पाकाशी त्यांचा संबंध आल्याची आख्यायिकाही नाही, हे पाकाचे आणि नियमाचे दोघांचेही नुकसान म्हटले पाहिजे.

नुसते पाणी उकळत असताना घटक एक आणि प्रावस्था दोन, तेव्हा मुक्तिमात्रा एक, आणि ती हवेच्या दाबाने आधीच गिळलेली असते. म्हणून समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसवर अडून बसते, आच कितीही वाढवली तरी दर ग्रॅममागे सुमारे २२६० ज्यूल उष्णता वाफेबरोबर निघून जाते आणि तापमान तसूभरही हलत नाही. हाच अप्रकट उष्मा. साखर पडताच घटक दोन होतात आणि पातेल्याला जन्मात पहिल्यांदा एक स्वातंत्र्य लाभते. साखरेमुळे पाण्याचा बाष्पदाब उतरतो, तो पुन्हा हवेच्या दाबाच्या बरोबरीला आणण्यासाठी अधिक तापवावे लागते, आणि उत्कलनांक चढतो. फ्रान्समधील राऊल यांच्या नियमाने हिशेब केला, तर एक किलो पाण्यात ३४२ ग्रॅम साखर विरघळवून हा चढ जेमतेम अर्धा अंश भरतो, आणि पाणी आटत जाऊन साखरेचे प्रमाण ऐंशी टक्क्यांवर पोचले की सहा अंशांच्या आसपास यायला हवा. प्रत्यक्षात तो दीडपट ते दुप्पट निघतो, कारण तो नियम विरळ द्रावणांचा आहे, आणि दाट पाकातली साखर पाण्याला धरून ठेवते, लग्नघरात पाहुण्याला जेवल्याखेरीज उंबरा ओलांडू देत नाहीत तशी.

दाब ठरलेला असल्याने उरलेले स्वातंत्र्य एकच: तापमान सांगितले की प्रमाण ठरले. एकतारी, दोनतारी आणि गोळीबंद ही त्या एकाच आकड्याची तीन नावे. त्यासाठी तापमापी वापरावी असा आग्रह अलीकडे धरतात. परंतु महाबळेश्वर सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर असल्याने तेथे पाणीच चार-साडेचार अंश खाली उकळते, आणि दादरला पाठ केलेला आकडा गाठेपर्यंत तेथला पाक इतका पुढे गेलेला असतो, की लाडवांचे गोटे होतात. अंगठा आणि तर्जनी यांना हवेच्या दाबाशी कर्तव्य नसते. त्यांच्यात धरलेला थेंब क्षणात कातडीच्या तापमानाला येतो, त्यामुळे चिकटपणा दर वेळी जवळजवळ त्याच तापमानाला मोजला जातो, आणि त्या तापमानाला तो साखरेच्या प्रमाणावरच अवलंबून असतो. प्रयोगशाळेची अटही याहून वेगळी नसते, फक्त तेथल्या उपकरणावर फुंकर घालावी लागत नाही.

पाक निवताना पेच निराळा. २० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर मावते, उकळीच्या तापमानाला त्याच्या दुपटीहून अधिक, म्हणून निवणाऱ्या पाकात साखर हक्कापेक्षा जास्त काळ रेंगाळते. यालाच अतिसंपृक्त द्रावण म्हणतात. स्फटिक होण्यात तिचा फायदाच असतो, परंतु अगदी लहान कणाला स्वतःच्या पृष्ठभागाचा खर्च परवडत नाही, त्यामुळे पहिला कण कोणी व्हायचे यावर सोसायटीच्या सभेत सचिवपदाचा विषय निघाल्यावर पसरते तशी शांतता पसरते. बाहेरून साखरेचा एक दाणा पडला, की सगळे एकदम तयार होतात आणि पाक साखरतो. लिंबाचे दोन थेंब हा त्यावरचा उपाय, कारण आम्लामुळे थोडी साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांत फुटते आणि हे परके रेणू स्फटिकाची रांग धड लागू देत नाहीत.

काटेरी हलव्यात हीच शांतता मुद्दाम मोडली जाते. परातीत मंद आचेवर खसखस किंवा तीळ घेऊन पहिला कण आयता पुरवतात, मग पाक थेंबाथेंबाने घालत हाताने हलवत राहतात, पाणी उडते, साखर दाण्यावर बसते, आणि घाई केली नाही तर काटा येतो. हवा दमट असेल तर पाणी उडायला तयार नसते, म्हणून हे काम थंडीतच शोभते. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला अंगावर चढणारे हलव्याचे दागिने पाहिले, की विषमांगी समतोल मंगळसूत्राच्या घाटातही बसतो याची खात्री पटते. चिक्कीला मात्र समतोलाचा सोसच नाही: तिच्यातली साखर स्फटिक न होता काचेसारखी गोठलेली असते, आणि आषाढातल्या हवेतील ओलावा पिऊन ती डब्याच्या आकाराची होते.

रव्याच्या लाडवांत चूक झाली, तर पाक पुढे गेल्याच्या पक्षी दुधाचा हबका मारतात, आणि मागे राहिल्याच्या पक्षी लाडू ताटात बसतात, त्यांच्यावर सुरी फिरते आणि त्यांना वड्या म्हणतात. या संक्रमणात तापमान बदलत नाही. घरातली जी उष्णता त्या वेळी खर्ची पडते, ती अप्रकट राहतेच असे नाही.