हुजूर पक्षाचे आयरिश पुढारी कसे व्हावे?

देश आयर्लंड, शतक एकोणिसावे. भोवतालची बहुसंख्य प्रजा कॅथलिक, जमीनदारांनी पिचलेली. आणि तुम्ही प्रॉटेस्टंट, जमीनदार, शिवाय हुजूर पक्षाचे. तरीही उमेद सोडू नये. पुढे लॉर्ड मेयो झालेल्या रिचर्ड बर्क यांचा कित्ता समोर ठेवावा आणि गिरवायला बसावे.

जन्म डब्लिनमध्ये घ्यावा (त्यांनी तो १८२२ साली घेतला), उमराव घराण्यात घ्यावा. ट्रिनिटी कॉलेजात शिकून रशियाची सफर करावी व तिच्यावर पुस्तक लिहावे. ते कुणी वाचलेच पाहिजे असे नाही. बटाट्याच्या पिकावर रोग पडून देश उपासमारीने मरत असताना मात्र घरी बसू नये. बर्क दुष्काळनिवारणाच्या कामात राबले आणि १८४७ साली किल्डेअरमधून पार्लमेंटात गेले. एवढा धडा थट्टेत काढण्यासारखा नाही.

आता लग्न. याकडे नवशिके फार दुर्लक्ष करतात. बर्क यांनी १८४८ साली विंडहॅम घराण्यातली ब्लँच ही मुलगी केली. किल्डेअरनंतर अल्स्टरमधले कोलरेन आणि तेही सुटल्यावर १८५७ साली त्यांना इंग्लंडच्या उत्तरेतले कॉकरमथ मिळाले. तिथला किल्ला कुणाचा? विंडहॅमांचा! जावयाला मतदारसंघ आंदण मिळाला असे आम्ही म्हणणार नाही. वाचक सुज्ञ आहेत.

या सोयरिकीचे खरे मोल १८६७ साली कळले. वडील वारले आणि बर्क मेयोचे अर्ल झाले. कायदा असा होता, की आयरिश उमरावाला कॉमन्स सभेत बसता येते, पण आयर्लंडच्या मतदारसंघातून नव्हे. किल्डेअरला चिकटून राहिले असते तर खुर्ची गेली असती. आयर्लंडचा कारभार पाहणारा आयरिश माणूस पार्लमेंटात टिकला तो इंग्रज मतदारांच्या जिवावर. हे विचित्र वाटत असेल, तर हा धंदा तुमचा नव्हे.

कारभार म्हणजे आयर्लंडच्या चीफ सेक्रेटरीचे पद. ते त्यांना तीनदा मिळाले: १८५२, १८५८ आणि १८६६ साली. तिन्ही वेळा पंतप्रधान लॉर्ड डर्बी आणि तिन्ही वेळा सरकार अल्पमतातले, तेव्हा डब्लिनमध्ये सामान सगळे उघडू नये. तिसऱ्या खेपेस ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठलेल्या आयरिश क्रांतिकारकांनी, म्हणजे फेनियनांनी, १८६७ चा उठाव केला. तो मोडावा, धरपकड करावी आणि लगोलग सलोख्याचेही बोलावे. मेयोंनी १८६८ च्या मार्चमध्ये कॅथलिक विद्यापीठाची योजना मांडली. प्रॉटेस्टंट चर्चला खाली ओढण्याऐवजी इतरांना वर उचलू, असा त्यांचा सूर होता. कॅथलिक बिशपांशी बोलणी फिसकटली. विरोधी लिबरल पक्षाचे पुढारी ग्लॅडस्टन यांनी प्रॉटेस्टंट चर्चचे सरकारी स्थानच काढून घेण्याचा प्रश्न उचलला आणि निवडणूक मारली. सर्वांना खूश करू पाहणाऱ्या पुढाऱ्याने एवढी तयारी ठेवावीच.

पक्ष बुडायच्या बेतात असताना मोठी नेमणूक पदरात पाडून घ्यावी. डर्बींच्या जागी पंतप्रधान झालेल्या डिझरायलींनी जाता जाता मेयोंना हिंदुस्थानचे व्हाइसरॉय नेमले. ग्लॅडस्टन यांनी ती नेमणूक रद्द केली नाही. १८६९ च्या जानेवारीत मेयोंनी सूत्रे हाती घेतली. प्रांतांच्या हाती थोडा पैसा सोपवला, शेतीसाठी खाते काढले, इन्कम टॅक्स वाढवून शिव्या खाल्ल्या. १८७० साली वऱ्हाडात येऊन कापसासाठी घातलेल्या जलंब-खामगाव रेल्वेचे उद्घाटनही केले.

एक सूचना उरली: अंदमानात अंधार पडल्यावर फिरू नये. ८ फेब्रुवारी १८७२ रोजी पोर्ट ब्लेअरजवळ होपटाउनच्या धक्क्यावर शेर अली आफ्रिदी या कैद्याने मेयोंना भोसकून मारले. प्रेत किल्डेअरमधल्या जॉन्स्टाउनला नेऊन पुरले. पुतळा पाहायचा असेल तर कॉकरमथच्या मुख्य रस्त्यावर जावे, आणि इतक्या लांब जाणे नसेल तर नागपुरात कुणालाही ‘मेयो’ विचारावे. तो सरकारी इस्पितळाचा रस्ता दाखवील.