स्विच गेला, मशिन भंगारात

पुणे-सोलापूर महामार्गावरील लोणी काळभोरसारख्या बांधकामांनी वाढणाऱ्या गावात सुताराच्या हाती बॅटरीचे ड्रिल आले, तरी त्याचा स्विच बिघडल्यावर उद्भवणारे संकट मात्र अजून शास्त्राच्या कक्षेत आलेले नाही. हा स्विच, म्हणजे बोटाने दाबायचा चाप, केवळ चालू-बंद करीत नाही. चाप जितका दाबावा तितका वेग वाढावा म्हणून त्यातील इलेक्ट्रॉनिक भाग मोटरचा पुरवठा सेकंदाला हजारो वेळा तोडून जोडतो, आणि नेमक्या त्याच जागी सिमेंटची धूळ शिरून संपर्कपट्ट्यांवर, म्हणजे प्रवाह जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर, काजळी धरते. खापर मात्र रिवाजाप्रमाणे बॅटरीवर फुटते. ती बदलून खिसा हलका झाला की चार्जर संशयित ठरतो, आणि अखेरीस काउंटरवरून निकाल मिळतो की सुटा स्विच येत नाही, नवीन मशिन घ्या.

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने 24 डिसेंबर 2022 रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ, सुरू केले. त्यासाठी शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही क्षेत्रे निवडली गेली. सुताराच्या ड्रिलने यांपैकी कोणाच्या पंक्तीला बसावे, हे त्याने स्वतःच ठरवायचे आहे. तोवर मालकाने आधी बॅटरी काढावी, तारांच्या क्रमाचा फोटो घ्यावा, आणि मगच स्क्रू खोलावेत.