भाऊजींचं नाव यादीत

"अगं, त्या मिरच्या राहू दे, इकडे ये आधी. काल रात्री जेवताना आमच्याकडे एकदाही फोन वाजला नाही. एकदाही! मी त्या कंपनीला रामराम ठोकला."

कुठली कंपनी, हे विचारायची गरजच नव्हती. वहिनींच्या आणि माझ्या परसांमध्ये चार फुटी कुंपण आहे. गेलं वर्षभर त्यावर कोपर टेकून आम्ही निम्मा वेळ दुधी-मिरच्यांचं आणि निम्मा वेळ त्या कंपनीचं बोलत आलोय. एडिसनमध्ये मराठी माणसांना तोटा नाही, पण आमच्या रस्त्यावर मराठी घरं दोनच. त्यामुळे त्या कंपनीची कुळकथा ऐकून ऐकून माझी पाठ झाली आहे.

भाऊजी, म्हणजे वहिनींचे यजमान, होम इन्स्पेक्टर आहेत. न्यू जर्सीत घराचा सौदा ठरला, वकिलांचे करार तपासण्याचे तीन दिवस संपले, की साधारण दहा-पंधरा दिवसांत घर कुणा जाणत्याला दाखवून घेतात. तेव्हा बोलावतात तो हा माणूस. नोकरीतून पन्नाशीत नारळ मिळाल्यावर भाऊजींनी हा धंदा धरला. 180 तासांचं शिक्षण, त्यातले 40 तास परवानाधारक इन्स्पेक्टरच्या मागे बिनपगारी घरोघर फिरायचं, मग 200 प्रश्नांची चार तासांची परीक्षा, वर 5 लाख डॉलरचा विमा. एवढं झालं की राज्य परवाना देतं. गिऱ्हाईक देत नाही.

"गिऱ्हाईक असतं एजंटाच्या खिशात," वहिनी म्हणाल्या. "नवीन घर घेणाऱ्याला इन्स्पेक्टर कोण माहीत असणार? तो एजंटाला विचारतो, एजंट तीन नावं देतो, त्यातलं एक हा उचलतो. आता ह्यांचा स्वभाव तुला ठाऊक आहे. भाजी घेताना मेथीची जुडी सोडून बघणारा माणूस."

भाऊजींचा स्वभाव सगळ्या कॉलनीला ठाऊक आहे. आमच्याकडे चहाला आले तरी नजर छताच्या कोपऱ्यातल्या डागावर.

"मेटुचेनच्या त्या घराचं सांगितलं होतं ना तुला? बाहेरून असं गोंडस, नवा रंग, दारात फुलांच्या कुंड्या. हे मागच्या बाजूला गेले, तर झुडपाआड जमिनीतून दोन इंची लोखंडी पाईपचं टोक वर आलेलं. वर गंजलेलं झाकण. म्हणजे काय, तर खाली पुरलेली तेलाची टाकी! पूर्वी ही घरं तेलावर तापायची. नंतर गॅस आला, टाकी राहिली जमिनीत. ती गळत असेल तर माती उपसण्याचा खर्च कुणाच्या गळ्यात? जो घर घेईल त्याच्या. ह्यांनी रिपोर्टात फोटोसकट लिहिलं, टाकी शोधणाऱ्याला बोलवा, मगच पुढे जा. सौदा फिसकटला. त्या एजंटबाईनं त्यानंतर ह्यांचं नाव कुणाला म्हणून सांगितलं नाही. 'डील-किलर' म्हणतात गं असल्या इन्स्पेक्टरला."

"तोंडावर?"

"तोंडावर म्हणतील कशाला? यादीतून नाव गेलं की कळतं."

मग भाऊजींनी ठरवलं, एजंटांच्या मिनतवाऱ्या नकोत, गिऱ्हाईक थेट आपल्यापर्यंत आलं पाहिजे. नेमका त्याच आठवड्यात त्या डिरेक्टरीवाल्या कंपनीतून एका मुलीचा फोन आला. आवाज मधाळ. तुमच्या भागातले कितीतरी लोक आमच्या साइटवर इन्स्पेक्टर शोधतायत आणि त्यांना द्यायला आमच्याकडे नावच नाही, असं म्हणाली. वहिनी तिची नक्कल फार छान करतात. वर्षाची वर्गणी भरायची, आणि त्याशिवाय येईल त्या प्रत्येक लीडचे वेगळे पैसे.

"लीड म्हणजे काय, तर एक नाव, एक नंबर आणि एक ओळ. घर बघायला माणूस हवा, एवढंच. काम मिळो न मिळो, नाव पाठवलं की कार्डावरून पैसे कापलेच. आणि आम्हाला वाटलं, हे नाव फक्त आपल्याला आलंय! पाच-सहा लीड झाल्यावर एका गिऱ्हाइकानंच सांगितलं, अहो, तुमच्याआधी तिघांचे फोन येऊन गेले. वधू-वर सूचक मंडळानं एका मुलीची पत्रिका चार घरी धाडावी आणि नोंदणीचे पैसे चौघांकडून घ्यावेत, तसला प्रकार."

पहिला फोन ज्याचा, काम बहुधा त्याचं. दोन मिनिटांत फोन नाही केला तर गेलंच. आता भाऊजी त्या वेळी असतात कुठे? घराखालच्या दीड-दोन फुटी क्रॉलस्पेसमध्ये पालथे, तोंडात धूळ, हातात टॉर्च, खिशात फोन थरथरतोय. मागच्या खिशात हात जाईपर्यंत लीड शिळी झालेली असे. म्हणून तो फोन वहिनींच्या ओट्यावर आला. टिंग वाजलं की तव्यावरची पोळी तशीच टाकून पळायचं. मुलाच्या शाळेतल्या मीटिंगमध्येही एकदा टिंग झालं, आणि वहिनी बाईंसमोरून उठून बाहेर गेल्या. ते मुलानं अजून मनात ठेवलंय.

"आणि माणसं कोण भेटायची! एकाला गाडीचं इन्स्पेक्शन हवं होतं. म्हटलं, बाबा, त्याला राज्याचं वेगळं केंद्र आहे, तिथं जा. एक म्हणाला, छप्पर गळतंय, उद्या येऊन दुरुस्त करा. आता हे दुरुस्ती करतच नाहीत. ह्यांच्या संघटनेचा नियमच आहे, ज्या घराची तपासणी केली त्या घरात वर्षभर पैसे घेऊन दुरुस्तीला हात लावायचा नाही. नाहीतर स्वतःच भोक दाखवायचं आणि स्वतःच बुजवायचं! एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्यांनी कुणाला काही विचारलंच नव्हतं. नातवानं साइटवर घराची किंमत बघायला म्हणून नंबर घातला होता. चौथा फोन माझा, सगळ्यांचा राग माझ्यावर."

पण वहिनींचा खास राग धुराच्या सर्टिफिकेटवाल्यांवर. न्यू जर्सीत जुनं घर विकताना स्मोक अलार्म, कार्बन मोनॉक्साइड अलार्म आणि छोटं अग्निशामक जागेवर असल्याचा दाखला लागतो. तो देतो टाउनशिपचा किंवा फायर खात्याचा माणूस. त्यालाही लोक इन्स्पेक्शनच म्हणतात. घर विकणारा साइटवर 'होम इन्स्पेक्शन' टाइप करतो, आणि त्याचं नाव भाऊजींना विकलं जातं. भाऊजींना तो दाखला देण्याचा अधिकार नाही, आणि त्या माणसाला भाऊजींचं काहीच काम नाही, कारण तो विकतोय. एका महिन्यात असे एवढे आले, की वहिनींनी टाउनशिपच्या फायर ऑफिसचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवला आणि फुकट समाजसेवा सुरू केली.

"मग पैसे परत मागायचे ना," मी म्हटलं.

"मागितले! फॉर्म आहे त्याला. भरला की चार दिवसांनी उत्तर येतं: नंबर चालू आहे, माणूस बोलला, लीड ग्राह्य. अगं, माणूस बोलला, पण काय बोलला? 'मला तुमची गरज नाही' असं बोलला! मी त्या फोनवरच्या मुलाला हेच सांगितलं. तर म्हणतो, बाई, तुम्ही सेल्स स्किल सुधारा, आमच्याकडे त्याचं ट्रेनिंग आहे. तेही पैसे भरून!"

वहिनींचं ऐकून माणूस कंपन्यांवर दात खायला लागतो, पण मी कुंपणाच्या अलीकडची बाजू मांडून बघितली. आमचा तुंबलेला सिंक साफ करणारा प्लंबर मला असल्याच साइटवर सापडला. चौघांचे फोन आले, जो लवकर येतो म्हणाला त्याला बोलावलं. बरा निघाला, पुढे बाथरूमचं कामही त्यालाच दिलं. त्याची त्या लीडची फी केव्हाच वसूल झाली असणार. इन्स्पेक्टरचं तसं नाही. माणूस घर घेतो एकदा, तपासणी करतो एकदा, आणि काम कितीही आवडलं तरी पुढची आठ-दहा वर्षं त्याला इन्स्पेक्टर लागत नाही. चारशे-पाचशे डॉलरचं एकच काम, त्यातून वाया गेलेल्या सगळ्या लीडचे पैसे काढायचे. प्लंबरसाठी शिवलेला अंगरखा भाऊजींना कसा बसेल?

"हे तू आधी सांगायला हवं होतंस," वहिनी फणकारल्या.

मग मी नको ते बोलले. म्हटलं, वहिनी, एवढे पैसे साइटला घालण्यापेक्षा दोन-चार एजंटांना दिवाळीची भेट म्हणून काही दिलं असतं, तर निदान यादीत नाव तरी राहिलं असतं.

वहिनींनी कोपर काढून घेतलं. "काही बोलू नकोस! ह्यांच्या कानावर गेलं तर आठवडाभर भाषण ऐकवतील. इन्स्पेक्टरांची ती संघटना आहे ना, आशी, 1976 सालची, तिच्या आचारसंहितेत स्पष्ट लिहिलंय: कामं पाठवण्याबद्दल किंवा शिफारशीच्या यादीत नाव घालण्याबद्दल एजंटाला काहीही द्यायचं नाही. सरळ नाही, आडून नाही."

"म्हणजे एजंटाच्या यादीत नाव घालायला पैसे दिले तर पाप."

"पाप."

"आणि वेबसाइटच्या यादीत घालायला दिले तर?"

वहिनी गप्प बसल्या. त्यांना गप्प बसलेलं मी क्वचित बघितलंय. मग म्हणाल्या, "ते मार्केटिंग. टॅक्समध्ये खर्च म्हणून दाखवता येतं."

आणि दोघींना हसू फुटलं, पण मला ते पटलेलं नाही, अजूनही नाही. एजंटाला पैसे देऊ नयेत हे ठीकच. सौदा जमला तर एजंटाचा फायदा, आणि इन्स्पेक्टरनं सौदा मोडण्याइतकं खरं बोलायचं, तर त्याचे हात बांधलेले असता कामा नयेत. पण म्हणून जो खरं बोलतो तो एजंटाच्या यादीतून जातो, आणि मग दुसऱ्या यादीत शिरायला खिसा रिकामा करतो. एजंटाची मर्जी राखणाऱ्याला हा खर्च पडतच नाही. खरेपणाचा कर म्हणा हवं तर, आणि तो गोळा करतंय कोण, तर घराशी काही देणंघेणं नसलेली कंपनी.

"आपल्यासारखे पुष्कळ पोळलेत," वहिनी म्हणाल्या. "ह्यांनी वाचून दाखवलं. आमची कंपनी ती नव्हे हं, पण होमअॅडव्हायझर म्हणून मोठी आहे ना, तिच्यावर फेडरल ट्रेड कमिशननं 2022 च्या मार्चमध्ये तक्रार गुदरली. म्हणे, लीड विकताना जे सांगितलं ते तसं नव्हतं. काम द्यायला तयारच नसलेल्या माणसांची नावं, भलत्याच कामाची नावं, लांबच्या गावातली नावं. किती लीडमधून कामं मिळतात, तेही फुगवून सांगायचे, असा आरोप होता. 2023 मध्ये मिटलं. 72 लाख डॉलरपर्यंत भरायचं ठरलं. हे वाचत होते आणि मी म्हणत होते, हो, हे आपलं, हेही आपलं, अहो, हे तर अगदी आपलं!"

सोडताना मात्र वहिनींचा कस लागला. वर्गणी आपोआप नवी झाली होती. बंद करा म्हटलं तर आधी 'तात्पुरतं थांबवू या' म्हणाले, मग सवलत देऊ केली, मग एका माणसाकडून दुसऱ्याकडे फोन. वहिनी डाळ शिजेपर्यंत फोनवर होत्या आणि कुकरच्या शिट्ट्या पलीकडच्या माणसाला ऐकू जात होत्या. शेवटी सुटका झाली. मग लेकानं साइट उघडून दाखवली, तर भाऊजींचं पान तसंच! फोटो तोच, नाव तेच. खाली वाक्य, हे सध्या काम घेत नाहीत, त्यांच्यासारखे हे इतर तिघे बघा. पानावरचा फोन नंबरही भाऊजींचा नव्हताच कधी. कंपनीनं कॉल मोजायला दिलेला तो नंबर, सोडल्यावर कंपनीकडेच राहिला. भाऊजींनी गाडीच्या दारावर आणि व्हिजिटिंग कार्डावर तोच छापून घेतला होता. पाचशे कार्डांचा गठ्ठा. आता वहिनी त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वाणसामानाची यादी लिहितात.

"मग आता कामं येणार कुठून?"

"येतात गं. दोन वकील आहेत, ते स्वतःहून नाव सांगतात. ज्याचं घर त्या टाकीपासून वाचलं ना मेटुचेनला, त्यानं त्याच्या ऑफिसातल्या तिघांना पाठवलं. मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात पाव पान जाहिरात दिलीय, त्यातून येतात कधी. पण ते आपलेच लोक. फोन उचलला की पहिलं वाक्य, 'आपल्या माणसाला किती कमी करणार?' रेडॉन गॅसचं मशीन तळघरात निदान 48 तास ठेवावं लागतं, दोन खेपा पडतात. तर म्हणतात, ते तेवढं फुकट टाका की. मशीन काय माझ्या माहेरून आलंय?"

एवढ्यात मला आठवलं. माझा पुतण्या हिल्सबरोला घर बघतोय, गेल्याच आठवड्यात त्याची ऑफर मान्य झाली. मी म्हटलं, वहिनी, भाऊजींना शनिवारी वेळ आहे का हो?

वहिनींनी लगेच आवाज बदलला, बुकिंगवाला केला. "घर किती साली बांधलेलं आहे? तळघर आहे की क्रॉलस्पेस? एजंट कोण?"

मी सांगितलं.

"एजंटाला आधी नाव सांगू नको म्हणावं पुतण्याला. आणि रेडॉनचे पैसे वेगळे पडतील हं, आत्ताच सांगते."