कोजागिरी, डावी-उजवी

एकट्या गिटारवाल्याला बँडची उणीव भासली की तो माणसं जमवत नाही, पेडल जमवतो. कोरस, डिले, रिव्हर्ब आणि लूपर असा सगळा संसार मी ठाण्यातल्या एका हौशी मुलाकडून जुना म्हणून घेतला आणि मालडब्यातून डोंबिवलीला आणला. वाजवलेलं लूपरमध्ये फिरत राहतं, त्यावर आपण पुढचं चढवायचं. तेही स्टिरिओत: सूर डावीकडून निघणार, पडसाद उजवीकडे उमटणार.

बायकोला मी ॲलन ब्लमलाइन सांगितला. सिनेमातला नट पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज भलतीकडून, हे खटकलेल्या या इंग्रज अभियंत्यानं १९३१ मध्ये स्टिरिओच्या पेटंटचा अर्ज केला.

"दुसरा ॲम्प त्यानं कुणाच्या पैशांनी घेतला?" एवढंच तिनं विचारलं.

सोसायटीच्या गच्चीवर कोजागिरीला मुहूर्त ठरला. डाव्या ॲम्पला वीज लिफ्टच्या खोलीतून, उजव्याला वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडून. दोन प्लग दोन ठिकाणी आणि मधे सिग्नलची केबल, म्हणजे अर्थिंगचा फेरा पूर्ण होऊन घरघर सुरू. याला ग्राउंड लूप म्हणतात. विकत घेतलेल्या लूपपेक्षा तो फारच भरवशाचा निघाला.

स्टिरिओ नीट ऐकू येतो दोन्ही ॲम्पच्या बरोबर मधे. तिथे पाण्याची टाकी होती. सगळी मंडळी उजवीकडे, दुधाच्या पातेल्याभोवती. त्यांच्या वाट्याला निव्वळ पडसाद आले. "हा एवढा उशिरा का वाजवतो?" अशी चौकशी झाली.

गिटार आणि माइक दोन्ही लूपरमधूनच जात होते. मी पायानं बटण दाबून रेकॉर्डिंग सुरू केलं आणि नेमका तेव्हाच सेक्रेटरीकाकांनी माइक घेतला: "दूध तयार आहे, पेले घेऊन या!" गडबडीत दुसरं बटण दाबायला मला उशीर झाला, त्यामुळे ताल लंगडा आणि काका मात्र पूर्ण, असा लूप तयार झाला. दर फेऱ्याला दूध नव्यानं तयार होई आणि मुलं नव्यानं रांग लावत. थांबवण्याऐवजी मी घाबरून वर आणखी थर चढवले. प्रत्येक थराबरोबर घरघरही चढली.

शेवटी कुणीतरी लूपर बंद केला. काका थांबले. घरघर राहिली.

खालच्या मजल्यावरचे निवृत्त गायनमास्तर तोवर डोळे मिटून ऐकत होते. "पांढरी पाच," ते म्हणाले. "किंचित चढी आहे. उतरव जरा."

"मास्तर, ही ५० हर्ट्झची वीज आहे. सगळ्या देशाची."

"असू दे. माझा सा पांढरी एक. थोडा चढवून घेतो, पंचम आयता मिळेल."

आणि ते गायला बसले. मंडळी पातेलं सोडून डावीकडे सरकली. मी केबल आवरायला उठलो, तर सेक्रेटरीकाका दबक्या आवाजात खेकसले, "बस खाली! कशालाही हात लावू नकोस."