ध्येय सांभाळून फी घ्यावी कशी?

कसबा पेठेत शिकवणी काढायची असेल, तर खोली तांबट आळीपासून दोन गल्ल्या तरी लांब घ्यावी. बंबावर मठारकाम चालू असताना वर्गसमीकरण समजावून सांगणाऱ्याचा घसा आठवड्यात बसतो. मात्र आगाऊ भाडे मोजण्याआधी होतकरू शिक्षकाने एकदा आळीतल्या एखाद्या दुकानापाशी उभे राहावे. गिऱ्हाईक घंगाळ उलटेपालटे करून पाहते, वजन होते, तांब्याचा भाव सांगितला जातो, घडणावळ वेगळी सांगितली जाते. ती सांगताना कारागीर मान खाली घालत नाही. ‘तुम्हाला योग्य वाटेल ते द्या’ असे तर तो मुळीच म्हणत नाही. हे सगळे नीट पाहावे आणि विसरून जावे, कारण ध्येयवादी शिक्षकाने याच्या बरोबर उलट वागायचे असते.

पालकांनी फी विचारली की पहिल्यांदा ती ऐकूच येऊ नये. दुसऱ्यांदा विचारल्यावर हात हलवून ‘फीचं काय हो, आधी मुलाला विषयाची गोडी लागू दे’ असे म्हणावे. महिनाअखेरीस मुलाची आई पाकीट घेऊन येते. ते हातात घेऊ नये, फडताळावर ठेवायला सांगावे. तिची पावले जिना उतरून वाड्याच्या चौकात पोहोचेपर्यंत त्याच्याकडे नजरही टाकू नये. मग पाकीट उघडावे आणि आत निघालेल्या रकमेचा राग दुसऱ्या दिवशी मुलाच्या वहीवर काढावा. ‘योग्य वाटेल ते’ या तीन शब्दांनी पुण्यात जेवढ्या शिकवण्या बुडवल्या, तेवढ्या मोबाइलनेही बुडवल्या नसतील.

या संकोचाला परंपरा मात्र भरभक्कम आहे. ती सांगता आली, तर फी मागण्यापूर्वीची अर्धी चर्चा सहज निभावते.

१ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले, आगरकर पुढे येऊन मिळाले. त्याआधी चिपळूणकरांनी सरकारी नोकरीवर पाणी सोडले होते. मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, असे आगरकरांनी आईला कळवल्याचे तर मराठी माणसाने शाळेतच वाचलेले असते. (कमी पगाराच्या नोकरीला आईची समजूत आजही काढावी लागते, फक्त पत्राऐवजी फोन करतात.) १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उघडले. आजीव सदस्यांचा पगार पुढे महिना ७५ रुपयांवर स्थिरावला. सदस्याने आपला सगळा वेळ संस्थेला द्यावा आणि बाहेरून कमाई करू नये, अशी टिळकांची अपेक्षा होती.

सगळी भांडणे इथूनच सुरू झाली. पगार वाढवावा की नाही, बाहेरची कामे घ्यावीत की नाही, मिळालेले पैसे कोणाचे, यावर विद्वान मंडळी वर्षानुवर्षे एकमेकांना लांबच लांब पत्रे लिहीत होती. गोखले सार्वजनिक सभेचे काम अंगावर घेतात, हेही टिळकांना पसंत नव्हते. १८९० च्या डिसेंबरात टिळकांनी आपली बाजू सविस्तर मांडणारे निवेदन देऊन संस्था सोडली. मुलांना गणित शिकवणाऱ्यांचा हिशेबावरून एवढा वाद व्हावा, हे पुण्याच्या लौकिकाला शोभणारेच होते.

पुढचा भाग मार्गदर्शनाच्या दृष्टीने अधिक मोलाचा. संस्थेतून मोकळे झालेल्या टिळकांपुढे संसार होता, शिवाय वृत्तपत्राचे कर्ज डोक्यावर होते. त्यांनी वकिलीच्या परीक्षांची तयारी करून घेणारा कायद्याचा वर्ग चालवला, फी घेऊन. लातूरच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यातही भागीदारी घेतली. म्हणजे बाहेरच्या कमाईवरून संस्था सोडणारा माणूस बाहेर पडल्यावर क्लासचालक झाला. टीकाकाराला इथे विसंगती दिसेल, पण तसे काही नाही. संस्थेचा पगार घेताना वेळ संस्थेचा होता, आता वेळ स्वतःचा होता आणि त्याची किंमत उघड होती. शिवाय वर्गाच्या उत्पन्नाला त्यांनी राष्ट्रकार्याचे नाव दिले नाही, हे आजच्या क्लासचालकाने विशेष लक्षात घ्यावे.

त्यांनी सोडलेली गणिताची जागा १८९१ मध्ये धोंडो केशव कर्व्यांकडे आली. कर्वे तोवर मुंबईत शाळांत शिकवून वर खासगी शिकवण्या करत. रोजच्या या धावपळीतून सुटून ते ७५ रुपयांवर पुण्यात आले. ज्याला मन मोठे करायचे असेल त्याने आधी भरपूर शिकवण्या कराव्यात, असाही धडा यातून काढता येईल.

हे सगळे दमवणारे वाटत असेल, तर शेजारच्या बुधवार पेठेत भिडेवाडा होता त्या जागेकडे पाहावे. १८४८ मध्ये तिथे मुलींची शाळा सुरू करणाऱ्या जोतीराव फुल्यांनी पुढे पोटासाठी बांधकामाची कंत्राटे घेतली. येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा ही त्यांच्याशी जोडलेली कामे. सावित्रीबाई सुरुवातीला विनावेतन शिकवत. मुलींकडून फी घेऊन शाळा चालणार नाही, हे दोघांना स्वच्छ दिसत होते, म्हणून पैसा दुसरीकडून आणला. ध्येयाची वही निराळी, कमाईची निराळी. आजच्या शिक्षकाला बोगद्याचे कंत्राट कोणी देणार नाही, पण संध्याकाळची दहावीची बॅच पूर्ण फीने चालवून रविवारी सकाळी पालिका शाळेतल्या मुलांना शिष्यवृत्तीचे गणित फुकट शिकवता येते. तसे करणाऱ्याने त्या मुलांचे फोटो फ्लेक्सवर टाकू नयेत. टाकलेच तर तो खर्च जाहिरातीत दाखवावा.

आता थोडे व्यवहाराचे. शाळेत नोकरी असलेल्याने हे मार्गदर्शन इथेच मिटून ठेवावे, कारण २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २८ ने शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणीची मनाई केली आहे. मुक्त शिक्षकाला ही अडचण नाही. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना ५० हून अधिक विद्यार्थ्यांच्या कोचिंगला लागू होतात. त्यात १६ वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही, गुणांची हमी देता येत नाही आणि प्रत्येक विद्यार्थ्यामागे किमान एक चौरस मीटर जागा हवी. कसब्यातल्या वाड्याच्या माडीवर हे माप घेऊन बसले, तर फळा आणि मास्तर यांपैकी एकालाच जागा उरते. त्यामुळे वीस मुलांवर थांबणारा शिक्षक उदात्तही ठरतो आणि नियमातही बसतो. वर्षाला वीस लाखांच्या पुढे उलाढाल गेली की जीएसटीची नोंदणी करावी लागते. तोपर्यंत निष्कांचन म्हणवून घ्यायला हरकत नाही. २०२४ पासून कसबा पेठेत मेट्रोचे स्थानकही आहे, तेव्हा पिंपरीची मुले ‘लांब पडतं’ म्हणाली तर ते कारण ऐकून घेऊ नये.

भाद्रपदात शेवटची परीक्षा होते. मानाचा पहिला गणपती याच पेठेतला, त्यामुळे ढोलांपुढे कोणाचा भूगोल ऐकू येणार नाही, हे उघड आहे. वर्ग बंद राहतो आणि एखादे वडील दहा दिवसांची फी वजा करून पाकीट पाठवतात. ध्येयवादी शिक्षक ते मुकाट्याने घेतो आणि घरी चिडचिड करतो. व्यवहारी शिक्षकाने जूनमध्येच पावतीपुस्तक छापून घ्यावे. वरच्या ओळीत वर्षाची पूर्ण रक्कम, खाली हप्त्यांच्या तारखा, त्याखाली ‘गणेशोत्सव व दिवाळीची सुट्टी या फीतच धरली आहे’ ही ओळ, आणि तळाला पालकांच्या सहीसाठी जागा. सही पहिल्याच दिवशी घ्यावी, चहा सांगण्यापूर्वी.